जुळवून कोणी घ्यावयाचे?

खरीप उभा राहिला की परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत खुरपणी, कोळपणी आणि फवारणी यांच्या जोडीला गेली काही वर्षे आणखी एक काम शेतकऱ्याच्या माथी आले आहे. मोबाईल घेऊन त्याने आपल्या गटात जाऊन उभे राहावयाचे, पडद्यावर येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे भरावयाची, उभ्या पिकाचे छायाचित्र काढावयाचे आणि ते सर्व शासनाकडे पाठवावयाचे. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झालेले ‘ई-पीक पाहणी’ हे ॲप महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर लागू केले. तेव्हापासून गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद करण्याचे, पूर्वी तलाठ्याकडे असलेले काम शेतकऱ्यानेच करावे अशी अपेक्षा आहे.

ही नोंद म्हणजे निव्वळ दप्तरी उपचार असता तर तिच्याविषयी इतके लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु अतिवृष्टीची मदत, पीकविमा, हमीभावाने होणारी खरेदी या प्रत्येक ठिकाणी ‘सातबाऱ्यावर कोणते पीक आहे?’ हा प्रश्न विचारला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात नद्यांना पूर आले आणि सोयाबीन उभे असतानाच पाण्याखाली गेले. वाहून गेलेल्या पिकाचा पुरावा शेतात शिल्लक राहत नाही. तो असलाच तर नोंदीत असतो. ज्याला ती नोंद करता आली नाही, त्याला निसर्गाचा तडाखा बसल्यावर पुन्हा कागदाचाही तडाखा बसण्याची धास्ती असते. म्हणजे शेतकरी आणि शासन यांच्यामध्ये आज चार बोटे रुंदीचा एक काचेचा पडदा उभा आहे. त्या पडद्याला शेतकऱ्याचे म्हणणे कळले नाही, किंवा शेतकऱ्याला पडद्याचे कळले नाही, तर जुळवून कोणी घ्यावयाचे? या लेखात हाच प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तो केवळ अभियंत्यांवर सोपविण्याजोगा नाही असे आमचे म्हणणे आहे.

माणूस आणि संगणक यांच्यातील व्यवहाराचा अभ्यास करणारे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या चार दशकांत जगभर उभे राहिले आहे. यंत्र वापरताना माणूस कोठे अडखळतो, कोणता शब्द त्याला कळत नाही, चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची वाट त्याला सापडते की नाही, हे त्याचे विषय. या शास्त्राचीच एक शाखा ‘जुळवून घेणाऱ्या पडद्या’चे संशोधन करते. वापरणाऱ्याचे बोट कोठे पडते, तो कोठे थांबतो, कोणती चूक वारंवार करतो, हे यंत्राने टिपावयाचे आणि त्यानुसार स्वतःचे रूप बदलावयाचे. दृष्टी अधू असेल तर अक्षर मोठे व्हावे, बोट थरथरत असेल तर दाबावयाची जागा रुंद व्हावी, नेहमी लागणारी गोष्ट समोर यावी आणि न लागणारी मागे जावी, अशी ही कल्पना आहे. कल्पना उदात्त आहे. यंत्राने माणसाला शिस्त लावण्याऐवजी माणसाने यंत्राला शिस्त लावावी, हे कोणाला नको आहे?

शिवाय हे संशोधन आता दूरदेशीच्या प्रयोगशाळांपुरते राहिलेले नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटी रुपयांच्या तरतुदीचे धोरण मंजूर केले. ‘महाविस्तार’ नावाचे, शेतकऱ्याच्या प्रश्नांना मराठीत उत्तरे देणारे ॲप त्याच वर्षी आले. जिंतूरच्या तांड्यापासून पालमच्या वाडीपर्यंत उद्या जो पडदा पोहोचेल, तो माणसाकडे पाहून आपले रूप ठरविणारा असेल. म्हणूनच या विषयाची ओळख कार्यकर्त्यांनी आजच करून घेतली पाहिजे.

आरंभी एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य करावयास हवी. जुनी व्यवस्था काही आदर्श नव्हती. निजामी राजवटीत परभणीच्या कुणब्याला कारभाराची भाषाच परकी होती. उर्दू कागद वाचून दाखविणारा आणि अर्ज लिहून देणारा अर्जनवीस म्हणेल ते खरे मानून त्याला अंगठा उठवावा लागे. हैदराबाद राज्य मुक्त झाल्यानंतर झालेली १९५४-५५ ची खासरा पाहणी आजही जमिनीच्या वादात मूळ पुरावा म्हणून शोधली जाते. आपल्या नावाची नोंद दप्तरात असणे म्हणजे काय, हे या भागातील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. पुढे महाराष्ट्रात मराठीतून सातबारा आला, तरी चावडीत बसून मागच्या वर्षीचेच पीक पुन्हा लिहिले जाते ही तक्रार काही कमी झाली नाही. आपल्या शेतात काय आहे हे शेतकऱ्याने स्वतः सांगावे, हा ई-पीक पाहणीमागील विचार त्या दृष्टीने पुढचे पाऊल होता. २०२२ साली ॲपची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा केलेली नोंद ४८ तासांत स्वतः दुरुस्त करण्याची मुभा शेतकऱ्याला मिळाली, आणि त्याचे म्हणणे प्रमाण मानून तलाठ्याने केवळ दहा टक्के नोंदींची पडताळणी करावयाची असे ठरले. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोयही आहे. अमेरिकन संशोधक बेन श्नायडरमन यांनी पडद्याच्या रचनेचे जे आठ नियम १९८० च्या दशकात सांगितले, त्यांतील एक असा की केलेली कृती सहज मागे घेता आली पाहिजे. ४८ तासांची मुभा हे त्या नियमाचे, अपुरे का होईना, पालन आहे. पडदा बदलू शकतो, हे यावरून सिद्ध होते.

पण तो पडदा कोणत्या भाषेत बोलतो ते पाहा. खाते क्रमांक, पोटखराबा, पिकाचा वर्ग, जलसिंचनाचे साधन, सिंचन पद्धती हे सारे शब्द मराठीच आहेत. तथापि ही दप्तराची मराठी आहे. पूर्वी हे शब्द तलाठ्याच्या वहीत होते आणि शेतकऱ्याच्या बोलीतून त्या वहीत भाषांतर करण्याचे काम तलाठी करीत असे. त्याला त्याचा पगार मिळत होता. आता ते काम शेतकऱ्याकडे आले, शब्द मात्र तेच राहिले. शासनाने कारकुनी वाटून दिली आणि त्या कारकुनीची मजुरी व जबाबदारी दोन्ही विनामोबदला जनतेच्या अंगावर टाकली. पडद्यावर ज्याला जागा नाही, तो तर दप्तरातूनच नाहीसा होतो. खातेदाराच्या नावाने उघडणाऱ्या पडद्यावर बटईने शेत कसणाऱ्याने स्वतःचे नाव कोठे लिहावयाचे? जमीन नवऱ्याच्या नावे आणि राबणारी बायको असेल, तर शेतकरी म्हणून पडदा कोणाला ओळखणार? हा अन्याय पडद्याने निर्माण केलेला नाही, तो जमीनधारणेतच आहे. परंतु वहीच्या समासात काही लिहिता येत होते, पडद्याला समास नसतो.

यावर ‘जुळवून घेणारा पडदा’ हा उपाय होईल काय? येथे संशोधनाच्या मुळाशी असलेले एक गृहीत तपासून पाहावे लागते. एक यंत्र, एक वापरणारा, हे ते गृहीत. आपल्याकडची वस्तुस्थिती वेगळी आहे. घरातला एकुलता एक चांगला मोबाईल मुलाच्या हाती असतो. तोही नसेल तर माणूस तालुक्याच्या किंवा मोठ्या गावच्या सेवा केंद्रावर जातो, आणि केंद्रचालक त्याच्या वतीने बटणे दाबतो. पूर्वीच्या अर्जनवीसाची जागा आज या केंद्रचालकाने घेतली आहे. नित्या संबासिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगलोरच्या वस्त्यांत पाहणी करून २०१० साली हेच मांडले, की गरिबांच्या वस्तीत यंत्राचा वापर पुष्कळदा मध्यस्थामार्फत होतो आणि यंत्र रचणाऱ्यांनी या मध्यस्थाला व त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला, दोघांनाही ध्यानात घेतले पाहिजे.

आता विचार करा, जुळवून घेणारे यंत्र अशा ठिकाणी कोणाला ओळखू लागेल? ज्याचे बोट काचेवर पडते त्याला. केंद्रचालकाचे बोट सराईत आहे. ते अडखळत नाही, चुकत नाही. यंत्राचा समज होईल की परभणीचा शेतकरी फार तरबेज झाला आहे, त्याला खुलासे नकोत, मदत नको. आणि पलीकडे बाकावर बसलेली म्हातारी, जिच्या गटात कापूस असताना सोयाबीन नोंदले गेले, तिची यंत्राला चाहूलही लागणार नाही. त्याहून गंभीर गोष्ट ही, की जो पडद्यापर्यंत पोहोचलाच नाही, त्याचे अडखळणे कोठेच टिपले जात नाही. वापरणाऱ्यांपासून शिकणारे यंत्र वापरू शकणाऱ्यांपासूनच शिकते. जितके ते अधिक शिकेल, तितके ते आत आलेल्यांसाठी सोयीचे होत जाईल, आणि दाराबाहेरचा माणूस दाराबाहेरच राहील. हा दोष गणिताचा नाही. ज्याच्यापाशी साधन त्याचेच म्हणणे ऐकू जाणे, हा आपल्या समाजाचा जुना रोग यंत्रात उतरतो इतकेच.

स्वतः संशोधकांचे अनुभवही सावध करणारे आहेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ऑफिस २००० या आपल्या प्रणालीत, कमी वापरल्या जाणाऱ्या आज्ञा आपोआप दडविणाऱ्या याद्या आणल्या. कालपर्यंत जेथे हात जात होता तेथे आज ती गोष्ट नसे. २००७ च्या आवृत्तीत मुख्य कार्यक्रमांतून त्या याद्यांची ही रीतच बाद झाली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लिआ फिंडलेटर आणि जोआना मॅकग्रेनेर यांनी २००४ साली तीन प्रकारच्या याद्यांची तुलना केली. पहिली न बदलणारी, दुसरी आपोआप बदलणारी, तिसरी माणसाला हवी तशी स्वतः बदलता येणारी. आपोआप बदलणाऱ्या यादीपेक्षा न बदलणाऱ्या यादीवर काम अधिक वेगाने झाले, आणि लोकांची पसंती बहुतांशी तिसऱ्या प्रकाराला, म्हणजे बदलाची सूत्रे स्वतःच्या हाती असण्याला मिळाली. ‘अक्षर येत नाही ना, मग चित्रे घाला’ हा सोपा उपायही पुरत नाही. बंगलोरच्या प्रयोगशाळेत इंद्राणी मेधी यांनी निरक्षर आणि अल्पशिक्षित लोकांसाठी अक्षराविना चालणारे पडदे तयार केले. त्यांच्या पुढील अभ्यासात असे दिसले की अक्षरे काढून टाकली तरी एका यादीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी अशी रचना शाळा न पाहिलेल्या माणसाला अवघडच जाते, आणि सरळ एकाखाली एक मांडलेली यादी त्याला अधिक पेलते. ही गोष्ट माणसांजवळ बसूनच कळते.

मग संघटित चळवळीने याबाबत काय केले? आपल्याकडे संगणकाचा प्रश्न प्रथम नोकऱ्यांचा प्रश्न म्हणून आला, आणि ते स्वाभाविकच होते. १९६० च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी इलाको हाउसवर पहारा ठेवून संगणक आत येऊ दिला नाही. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी यांत्रिकीकरणाविषयी व्यवस्थापनाशी करार केला. यंत्रे किती, कोठे आणि कोणत्या अटींवर यासाठी आपण झगडलो. परंतु यंत्र काम करणाऱ्याशी आणि दारात आलेल्या माणसाशी कसे बोलेल, हे ठरविण्याचा अधिकार मात्र मागावयाचे राहून गेले. नेमक्या त्याच काळात नॉर्वे-स्वीडनमध्ये कामगार चळवळीने तो मागितला. १९७० च्या दशकाच्या आरंभी संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टन न्यूगार्ड यांनी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघाबरोबर काम केले. कारखान्यात येणारी प्रणाली कामगारांनी स्वतः अभ्यासावी आणि आपली मागणी मांडावी, हा त्याचा गाभा होता. १९८१ पासून ‘युटोपिया’ प्रकल्पात छापखान्यांतील कामगार आणि संशोधक एकत्र बसले. हव्या असलेल्या यंत्रांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करून, त्यांवर काम करून पाहून, काय जमते आणि काय जमत नाही हे त्यांनी ठरविले. बाजारात या प्रकल्पाची यंत्रे फारशी चालली नाहीत, हे खरे. पण वापरणाऱ्याला रचनेत वाटा असावा हा विचार त्यांनी जगाला दिला. पुठ्ठा आणि कात्री तर परभणीच्या कोणत्याही शाळेत मिळते.

आपल्याकडेही या जाणिवेचा उदय झालेला आहे, फक्त त्याला आपण ते नाव दिले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेले ‘पोषण ट्रॅकर’ ॲप त्या जुन्या मोबाईलवर धड चालत नाही, आणि त्यात माहिती इंग्रजीतून भरावी लागते, ही त्यांची तक्रार होती. वर्तमानपत्रांनी ते मानधनाच्या आंदोलनाचे एक अंग म्हणून छापले. वस्तुतः श्रमिक स्त्रियांनी पडद्याच्या रचनेवर केलेला तो लढा होता. पुढे त्या ॲपमध्ये भारतीय भाषा आल्या. मात्र १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या पोषण आहारासाठी लाभार्थीचा चेहरा यंत्राने ओळखण्याची सक्ती झाली. म्हणजे भाषेच्या बाबतीत यंत्र एक पाऊल पुढे आले आणि चेहऱ्याच्या बाबतीत गरोदर बाईलाच पुन्हा यंत्रापुढे उभे राहावे लागले.

परभणीला तर या कामाचा वारसा घरातच आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पूर्वीच्या गृहविज्ञान महाविद्यालयात, शेतकरी स्त्रियांचे काबाडकष्ट कमी करणाऱ्या साधनांवर अनेक वर्षे काम झाले आहे. या अभ्यासाची रीत मोठी बोलकी आहे. आधी बाईचे काम पाहावयाचे, तिच्या हाताचे माप घ्यावयाचे, ती किती वेळ वाकते, कोठे दुखते हे विचारावयाचे, आणि मग विळ्याची मूठ ठरवावयाची. बाईचा हात विळ्याच्या मुठीला साजेसा करा असे तेथे कोणी म्हणत नाही. त्याच विद्यापीठात अलीकडे जागतिक बँकेच्या साहाय्याच्या राष्ट्रीय प्रकल्पातून रोबो, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांच्या डिजिटल शेतीचे केंद्र उभे राहिले. एकाच आवारातील या दोन विद्यांनी एकमेकींशी बोलावे, विळ्याच्या मुठीला लावलेली कसोटी मोबाईलच्या पडद्यालाही लावावी, ही मागणी फार मोठी आहे काय?

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडावयास हव्यात. ज्यावर मदत, धान्य वा मजुरी अवलंबून आहे असे कोणतेही ॲप सक्तीचे करण्यापूर्वी, ते वापरणे ज्यांना सर्वांत कठीण जाईल अशांच्या हाती देऊन तपासले पाहिजे. वृद्ध खातेदार, तांड्यावरील गोरमाटी बोलणारी बाई, दखनी बोलणारा मजूर यांच्या हाती ते दिले पाहिजे, आणि त्या तपासणीचा निष्कर्ष मराठीत जाहीर झाला पाहिजे. आवाजावर चालणारे यंत्र ‘का’ ओळखते तसे ‘कामून’ ओळखते की नाही, हेही त्यात पाहिले जावे. पडदा आपोआप बदलणार असेल तर काय बदलले ते त्याने सांगावे, आणि पूर्वीचे रूप परत आणण्याची किल्ली माणसाच्या हाती असावी. ऐन हंगामात पडदा बदलू नये. दुसऱ्याने भरलेली नोंद शेतकऱ्याला त्याच्या बोलीत वाचून दाखविली जावी, आणि दुरुस्तीची मुदत ती नोंद त्याला कळल्यापासून मोजावी. यंत्राने नकार दिला तर तो अखेरचा मानू नये. नकाराचे कारण आणि पोच लेखी मिळावी, आणि तो नकार फिरविण्याचा अधिकार असलेला माणूस गावात असावा. ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्या तलाठ्याचे ते कर्तव्यच आहे. पाहणी पुरी करण्यासाठी गावोगाव सहायक नेमले गेले, हे ठीक झाले. त्यांच्या कामाचे मोल आणि उत्तरदायित्व मात्र निश्चित झाले पाहिजे.

या मागण्या केवळ निवेदनाने पुढे सरकणार नाहीत. ‘ॲप चालत नाही’ ही तक्रार तहसील कार्यालयात रोजच येते आणि विरून जाते. आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात प्रत्येक गावी एक वही ठेवावी. कोण, कोणत्या प्रश्नापाशी, कोणत्या शब्दाला अडले, पुढे काय केले, कोणाला किती पैसे द्यावे लागले, आणि कोण कंटाळून परत गेले, हे संमतीने व नाव गुप्त राखून लिहून घ्यावे. यंत्राच्या नोंदीत जी माणसे कधी येत नाहीत, त्यांची नोंद ही वही करील. अशा शंभर गावांच्या वह्या घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि विद्यापीठाकडे गेले, तर ‘लोक अडाणी आहेत’ हे उत्तर देणे कोणालाही कठीण जाईल.

यंत्राला विरोध हा आपला कार्यक्रम नाही. परभणीच्या शेतकऱ्याने तिफण टाकून ट्रॅक्टर घेतला, तो कोणाच्या उपदेशाने नव्हे. आपले काम हलके करणारे यंत्र तो आपणहून उचलतो. त्याचे म्हणणे इतकेच आहे की अडले तेथे विचारावयास कोणीतरी असावे, आणि चुकले तर सुधारता यावे. तिफण जड झाली तर ती सुताराकडे नेता येत होती. सुतार गावातच होता, आणि बलुतेदारीची ती व्यवस्था जातीच्या जोखडाने बांधलेली असली तरी औजार दुरुस्त करून देणे त्याला टाळता येत नव्हते. जातीचे ते जोखड आपल्याला परत नको. पण बिघडलेल्या पडद्याबद्दल जाब देणारा माणूस हाकेच्या अंतरावर असणे, हा लोकशाहीतील नागरिकाचा हक्क आहे, आणि तो मिळविण्याचे काम संघटनेचे आहे.